षड्ज, पंचम आणि गोंगाट

पंक रॉकविषयी सर्वांत रूढ समज असा, की ज्यांना वाजवता येत नाही त्यांचे ते संगीत. आणि हा समज पसरवण्यात पंकवाल्यांचाच वाटा मोठा आहे. 1977 च्या जानेवारीत इंग्लंडमधील ‘साइडबर्न्स’ या घरगुती पत्रिकेने गिटारच्या तीन कॉर्डची, म्हणजे एकत्र छेडायच्या तीन स्वरसमूहांची, चित्रे छापली आणि एवढ्या भांडवलावर वाचकाने बँड काढावा असे सुचवले. सायक्लोस्टाइल करून वाटलेल्या ‘शब्द’पासूनची लघुअनियतकालिकांची परंपरा ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला ही वृत्ती परकी वाटू नये, कारण साधन हाताशी नाही म्हणून थांबायचे नाही, हा हट्ट दोन्हीकडे सारखाच आहे. मात्र ते चित्र जे सांगत नाही, ते असे की तीन कॉर्ड शिकायला एक दुपार पुरते आणि ते पंकसारखे वाजायला काही वर्षे लागतात.

या वादनाचा पाया म्हणजे पॉवर कॉर्ड. सामान्य कॉर्डमध्ये किमान षड्ज, गांधार आणि पंचम असे तीन स्वर असतात, आणि गांधार शुद्ध आहे की कोमल यावर कॉर्डचा स्वभाव ठरतो. पॉवर कॉर्डमध्ये हा गांधारच वगळलेला असतो आणि उरतात ते फक्त सा आणि प. त्यामागे आळस नसून ध्वनिशास्त्र आहे. विद्युत गिटारचा संकेत ॲम्पला, म्हणजे ध्वनिवर्धकाला, पेलवेल त्याहून मोठा करून पाठवला, की ध्वनिलहरींची टोके छाटली जातात, आणि या खरखरीला डिस्टॉर्शन म्हणतात. छाटणीत मूळ स्वरांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवे स्वर निपजतात. सा आणि प यांचे प्रमाण 2:3 असल्यामुळे त्यांची वजाबाकी खालच्या सप्तकातील षड्जावर येते आणि नाद भरीव होतो. तिथे गांधार घातला, तर नवे स्वर एकमेकांत अडकून चिखल होतो. गंमत अशी, की दोन आणि तीन यांची बेरीज पाच, आणि खर्जाच्या त्या षड्जाची पाचपट कंपनसंख्या म्हणजे वरच्या सप्तकातील शुद्ध गांधार, म्हणून हाताने टाळलेला स्वर कानाला पुसटसा ऐकू येतोच. तंबोरा उत्तम जुळल्यावर त्यातून उमटणाऱ्या स्वयंभू गांधाराचा हा दांडगट चुलतभाऊ मानायला हरकत नसावी.

उजव्या हाताचे काम याहून कठीण असते. न्यूयॉर्कच्या रमोन्स या बँडने एप्रिल 1976 मध्ये काढलेल्या पहिल्या अल्बममध्ये चौदा गाणी अर्ध्या तासाच्या आत संपतात, आणि जॉनी रमोनची गिटार त्यांत जवळजवळ सर्वत्र डाउनस्ट्रोकने, म्हणजे प्रत्येक आघात वरून खालीच करून, वाजवलेली आहे. मिनिटाला 180 मात्रांची लय धरली आणि प्रत्येक मात्रेत दोन आघात घेतले, तर सेकंदाला सहा आघात होतात. खाली-वर छेडून तेवढाच वेग निम्म्या कष्टात गाठता येतो, परंतु मग प्रत्येक दुसरा आघात किंचित हलका पडतो आणि गाण्यातली कुऱ्हाड जाऊन नुसती सळसळ उरते. मनगट सैल, कोपर स्थिर आणि दुसऱ्या मिनिटाला भरून येणारा हात, ही या कलेची खरी शाळा होय. सोलो, म्हणजे एकट्या गिटारची लांब तान, हिच्या अभ्यासक्रमात नाही.

भारताकडे वळले, तर बंगळूरने मात्र या शाळेपेक्षा मेटल या भारदस्त, गुंतागुंतीच्या प्रकाराला जवळ केले. 1998 पासूनचा ‘क्रिप्टोस’ हा बँड इथलाच, आणि 17 मार्च 2007 रोजी आयर्न मेडन या मेटल बँडने इथल्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवले तेव्हा देशभरातून आलेले चाहते या शहराकडे मेटलची राजधानी म्हणून पाहू लागले. महाविद्यालयीन स्पर्धांत वाढलेल्या संगीताला हे साजेसेच होते; परीक्षकाला बोटांची चपळाई मोजता येते, टाळलेला गांधार मोजता येत नाही. पंकला ठळक रूप आले ते मुंबईत, ‘द रायट पेडलर्स’ या त्रिकुटाकडून. ‘सरकार’ आणि ‘सार्काझम’ म्हणजे उपरोध या शब्दांची मोट बांधणारे त्यांच्या ध्वनिमुद्रिकेचे नाव एका दमात त्यांची भूमिका सांगून जाते.

स्थानिक बँडचा इतिहास गुणवत्तेइतकाच जागेवर ठरतो. बंगळूरमध्ये ‘लाइव्ह बँड’ या शब्दाला डान्स बारचा वास आहे, आणि महाराष्ट्राने डान्स बारवर बंदी घातली त्याच 2005 साली बंगळूरच्या पोलीस आयुक्तांनी काढलेल्या सार्वजनिक करमणुकीच्या परवान्यांविषयीच्या आदेशात कॅबरे, डिस्कोथेक आणि गिटार वाजवणारी मुले एकाच रांगेत आली. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश वैध ठरवल्यावर अनेक पबांतील वादन थांबले. हा अन्याय होता, असेच म्हणावे लागेल.

त्यामुळे शहराच्या कडेचा भाग महत्त्वाचा ठरतो. अशा कडेवरचे के. आर. पुरम म्हणजे रुळांवरचा केबलचा पूल, आणि 1948 मध्ये स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजच्या कारखान्याभोवतीचे दूरवाणीनगर. कन्नडमध्ये दूरवाणी म्हणजे दूरध्वनी, तेव्हा आवाज लांबवर पोचवणे हाच या परिसराचा धंदा होता. इथून व्हाइटफील्डकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या औद्योगिक वसाहतीत ‘काउंटरकल्चर’ हे संगीताचे ठिकाण काही वर्षे चालले. कारखान्यांच्या शेजाराला ड्रमचा त्रास होत नाही, हे सरावाची खोली, बोलीत जॅमपॅड, शोधणाऱ्या कोणालाही कळते. स्नेअर, झांजा आणि पायपट्टी पाठीवर वाहणाऱ्या ड्रमवादकाच्या दृष्टीने ऑक्टोबर 2023 मध्ये बैयप्पनहळ्ळी ते के. आर. पुरम हा मेट्रोचा राहिलेला तुकडा सुरू होणे ही संगीताच्या इतिहासातली घटना आहे.

अशा बँडचे इतिहास टिकत नाहीत, कारण पंकचा बँड दोन-तीन वर्षांत मोडतो आणि त्याचे दप्तर म्हणजे मोबाइलवरचे सरावाचे ध्वनिमुद्रण, घामाने विरघळलेली सेटलिस्ट आणि भिंतीवरून खरवडलेले पोस्टर. टिकते ते लिहून जपलेले: बंगळूरच्या जहागिरीतील शहाजीराजांच्या दरबाराचे चित्र आज दिसते, ते जयराम पिंड्येंचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य इतिहाससंशोधक राजवाड्यांनी शोधून छापले म्हणून. तेव्हा ज्यांच्या घरी अशा बँडची कॅसेट, सीडी किंवा बंद पडलेला फोन असेल, त्यांनी तो रद्दीत देण्यापूर्वी त्यावर तारीख, जागा आणि वाजवणाऱ्यांची नावे लिहून ठेवावीत.