सोलापूरच्या परसातील चैत्र

सोलापूरचा वसंत फार नाजूक नसतो. होळी झाली की ऊन तापू लागते आणि चैत्र निम्मा सरतो न सरतो तोच पारा चाळिशीला टेकतो. सिद्धेश्वर तलावाच्या काठची हवा तेवढी संध्याकाळी थोडी निवते. नळाला पाणी येते तेही काही दिवसांआड. अशा गावी घरामागे बाग राखणे म्हणजे घागरींचा हिशेब ठेवणे होय, आणि हिशेब ठेवण्याची सवय असलेल्या घरांनीच येथील परसबागा जगविल्या आहेत.

जुन्या पेठेतील एका वाड्याची परसबाग त्यांपैकीच एक. पुढे टॉवेल-चादरींचे दुकान, मध्ये माळवदाचे घर, मागे विहीर आणि विहिरीभोवती जेमतेम तीन गुंठे जागा. एक कडुनिंब, एक शेवगा, दोन जास्वंदी, मोगऱ्याचे वाफे आणि भिंतीवरून खाली झुकलेली मधुमालती, एवढाच तिचा पसारा. एखाद्या नर्सरीवाल्याने ती बाग म्हणून मोजलीही नसती. पक्ष्यांनी मात्र ती केव्हाच मोजली आहे.

पाडव्याच्या सुमारास कडुनिंबाला बारीक पांढरा मोहोर येतो. दिवसा तो डोळ्यांत भरत नाही. सायंकाळी उन्हाचा ताव उतरला की त्याचा मधाळ वास आधी न्हाणीघराशी, मग माजघरापर्यंत पोहोचतो. या घरी सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात. पावणेसातच्या आसपास दिवस बुडतो, तेव्हा शेजारच्या घरांतून फोडणीचे आवाज येत असतात आणि येथील मंडळी हात धुऊन विहिरीच्या कट्ट्यावर बसलेली असतात. ही मोकळी वेळ नेमकी बागेच्या सर्वांत रमणीय घटकेला लाभते. मधुमालतीच्या कळ्या याच वेळी उमलतात. पहिल्या संध्याकाळी फूल पांढरे असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि पुढे गडद लाल. एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात ते त्यामुळे. पांढऱ्या, सुवासिक फुलांवर रात्रीचे पतंग येतात. रंग चढल्यावर दिवसाचे गिऱ्हाईक सुरू होते.

त्या दिवसाच्या गिऱ्हाइकांत अग्रमान शिंजिराचा. विणीच्या हंगामात नर काळपट जांभळा, उन्हात धातूसारखा झळकणारा. मादी वरून करडी-हिरवट, पोटाशी फिकट पिवळी. घरटे बांधण्याचे सारे काम तीच करते. वाळक्या काड्या, सालीचे तुकडे आणि कोळ्याचे जाळे यांनी विणलेली ती लोंबती पिशवी वाऱ्यावर हेलकावते, परंतु तुटत नाही. दारावर छोटासा छज्जाही असतो. मधुमालतीच्या वेलीला यंदा तिने अशीच पिशवी टांगली, ती कपडे वाळत घालण्याच्या तारेपासून हातभर अंतरावर. तेव्हापासून तार रिकामी आहे आणि कपडे गच्चीवर जातात.

शिंप्याने लिंबाची दोन पाने शिवली, बुलबुलाने मोगऱ्याशेजारच्या झुडपात वाटी केली, कोकिळा कावळ्यांच्या घरट्याभोवती घिरट्या घालीत राहिली. या नेहमीच्या गोष्टी. कसोटी लागली ती तांबटामुळे.

तांबट हा चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा पक्षी. कपाळी आणि छातीवर तांबडा टिळा, गळा पिवळा. चोच मिटून, गळा फुगवून तो दिवसभर टुक् टुक् करतो. तांब्याची भांडी ठोकणाऱ्या कारागिराचे नाव त्याला मिळाले ते या आवाजावरून. त्याला घरट्यासाठी हिरवी फांदी चालत नाही. वाळलेली, आतून भुसभुशीत झालेली फांदीच हवी. ती तो चोचीने कोरतो आणि बहुधा फांदीच्या खालच्या अंगाला दार ठेवतो, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरत नाही. शेवग्याची एक फांदी दोन वर्षांपूर्वी वाळली होती. व्यवहारी डोळ्याला ती सरपणच होती.

लग्नसराईचा माल दुकानात मावेना म्हणून मागे पत्र्याची वखार उभारण्याचे घरात ठरले होते. आखणी झाली, गवंड्याला विसार दिला गेला. शेवगा नेमका आखणीत येत होता. कुऱ्हाड आली त्या सकाळी अक्कांनी फांदीच्या पोटातून बाहेर डोकावणारी चोच पाहिली.

“अण्णा, आत जीव आहे,” एवढेच त्या म्हणाल्या.

थोरल्या चिरंजिवांनी हिशेब मांडला. माल ठेवायला बाहेर जागा घेतली तर भाडे पडेल, हमाली दुप्पट होईल, विसार अडकून राहील. त्यात काही चूक नव्हती. व्यापारी घरात असा आकडा कोणी हसण्यावारी नेत नाही. अण्णांनी तो ऐकून घेतला आणि एकच विचारले, “पिलं उडायला किती दिवस लागतील?” अंड्यापासून पिलू उडेपर्यंत सुमारे दीड महिना लागतो. म्हणजे लग्नसराईचा बहुतेक काळ.

भाड्याची खोली घेतली गेली. खर्च बागेच्या नावे खात्यात लिहिला, तोही पक्क्या वहीत. चिरंजीव चार दिवस घुश्श्यातच होते. पुढे तेच नातवंडांना कट्ट्यावरून फांदीचे दार दाखवू लागले. नर-मादी आळीपाळीने आत जातात, हे त्यांनीच प्रथम टिपले.

पाण्याच्या परळाचे काम अक्कांकडे असते. रोज सकाळी शिळे पाणी झाडाच्या बुंध्याशी सावकाश ओतायचे, परळ घासायचा आणि गाळलेले ताजे पाणी भरायचे. साचलेल्या पाण्यात जीव उपजतात, म्हणून एकही दिवस खाडा नाही. परळ उथळ मातीचा, सावलीत, मांजराला दबा धरता येणार नाही अशा मोकळ्या जागी. दुपारी दोनच्या सुमारास तेथे सातभाईंची टोळी कलकलाट करीत उतरते आणि निम्मे पाणी अंगावर उडवूनच संपविते. नळाच्या पाळीचा दिवस लांबला तरी परळाच्या वाट्याला कात्री लागत नाही. ती मोगऱ्याला लागते. यंदा मोगरा त्यामुळे थोडा कमी फुलला.

महावीर जयंतीच्या मिरवणुकीहून मंडळी परतली त्या दुपारी शिंजिराची पिशवी रिकामी झाली होती. तांबटाची पिले अजून आत आहेत. गवंड्याला नवी आखणी दिली आहे. वखार आता चार फूट अरुंद होणार असून तिची भिंत शेवग्याच्या अलीकडे थांबणार आहे.