आईच्या गोळ्यांची पिशवी

आईला बी.पी. आहे, हे आम्हा भावंडांना दहा वर्षांपासून ठाऊक. पालिकेच्या दवाखान्यातून महिन्याच्या गोळ्या मिळतात, रोज सकाळी ती एक घेते, एवढ्यावर आम्ही निश्चिंत होतो. त्या एका गोळीत टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध अशी दोन औषधे आहेत, हे पाकिटावर छापलेले असूनही आम्ही कधी वाचले नाही.

गेल्या पावसाळ्यात तिचे गुडघे फार दुखू लागले. जन्मभर दुसऱ्यांचे जिने झाडलेले गुडघे ते. वस्तीजवळच्या दुसऱ्या डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी डायक्लोफिनॅक लिहून दिले. आराम पडला. मग तीच चिठ्ठी दाखवून ती मेडिकलमधून गोळ्या आणत राहिली. पाच दिवसांचे दोन महिने झाले. बी.पी.ची गोळी चालू आहे का, हे त्या डॉक्टरांनी विचारले नाही, आईने सांगितले नाही. आणि आम्ही कोणी तिच्यासोबत गेलोच नव्हतो.

पुढे पायांवर सूज आली, लघवी कमी झाली. मोठ्या रुग्णालयात रक्त तपासले तर क्रिएटिनिन वाढलेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावले : बी.पी.ची ही गोळी मूत्रपिंडातला दाब उतरवते, लघवीचे औषध अंगातले पाणी कमी करते आणि दुखण्याची गोळी मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त आटवते. तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडावर संकट येते. उलट्या-जुलाबात तर अधिकच. शिवाय दुखण्याच्या गोळीने बी.पी.ही चढते. आयबुप्रोफेन त्याच जातीचे. नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्याही बी.पी. वाढवतात.

दुखण्याची गोळी बंद झाली, बी.पी.चे औषध डॉक्टरांनी बदलून दिले. आई सावरली. सगळ्यांचेच असे निभावते असे नाही.

"विचारले का नाहीस?" म्हटले, तर आई म्हणाली, "डॉक्टर चिडले असते तर?" आम्ही खाली बघितले. विहारात कालाम सुत्तावर प्रवचन ऐकतो, कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नये, स्वतः पारखावे, हे मुलांना शिकवतो. आणि आमचीच आई दवाखान्यात तोंड उघडायला घाबरते!

आता तिच्या सगळ्या गोळ्या, पाकिटांसकट, एका कापडी पिशवीत असतात. कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना ती पिशवी आणि आमच्यापैकी एक जण सोबत जातो. पहिला प्रश्न ठरलेला : "या गोळ्यांबरोबर ही चालेल का?" जुनी चिठ्ठी दाखवून नवी गोळी आणायची नाही. आणि घाबरून बी.पी.ची गोळी मनानेच सोडायचीही नाही. त्यात धोका मोठा.

बंधू-भगिनींनो, आज घरी गेल्यावर आई-वडिलांच्या गोळ्या एकदा समोर मांडून बघा.

जय भीम!