सहीचा कागद



पर्युषणाचे दहा दिवस सांगलीत मटणाची दुकानं बंद ठेवावीत, असं निवेदन मुलाने आणलं. "आई, सही कर." मी म्हटलं, चष्मा सापडत नाही. चष्मा डोक्यावरच होता.

अशा बंदीला न्यायालयाचा आधार नाही असं नाही. अहमदाबादचे कत्तलखाने पर्युषणात नऊ दिवस बंद ठेवणं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये योग्य ठरवलं. मुंबईत मात्र १७ सप्टेंबर २०१५ च्या मांसविक्री बंदीला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. ख्रिस्ती देशांत रविवारी दुकानं बंद ठेवायचे कायदे होते, त्यातलाच हा प्रकार. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवार मिळवून दिला, पण तो राबणाऱ्यांना विसावा म्हणून. इथे खाटकाची कमाई बुडते. मी बी.कॉम. झालेली, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. दहा दिवसांत एक रविवार तर येणारच, आणि मटणवाल्याचा खरा धंदा रविवारचाच.

शिवाय दिवस कुणाचे? श्वेतांबरांचं पर्युषण बरंचसं श्रावणात येतं. तेव्हा अर्धं गाव कायद्याशिवायच मांसाहार सोडून असतं. आपण दिगंबर. आपलं दशलक्षण भाद्रपद शुद्ध पंचमी ते अनंत चतुर्दशी, म्हणजे नेमक्या गौरी-गणपतीत.

साताऱ्याला माहेरी शेजारच्या काकूंकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असायचा. आमचे उपवास चालू. काकू त्या दिवशी मागच्या पडवीत चूल मांडायच्या, आई आमची मागची खिडकी लावून घ्यायची. दोघींनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी काकूंकडून वाण यायचं ते अख्खा नारळ आणि केळी, त्यांच्या घरात शिजलेलं काही नाही. क्षमावाणीला आई पहिल्यांदा त्यांच्याच दारात जायची.

काकूंनी ते आपणहून केलं होतं. पोलीस दारात उभा असता तर त्यांनी केलं असतं का, आणि आईला तरी त्यांच्या दारात जाताना तोंड राहिलं असतं का?

आमचा मुलगा दुकान बंद करून रोज रात्री नऊला जेवतो. त्याला म्हटलं, दहा दिवस तू सूर्यास्ताआधी जेव, मग दुसऱ्यांच्या दुकानांचं बोलू. कागद अजून फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे.