भाव

मराठीत 'भाव' हा शब्द दोन घरी नांदतो. रसचर्चेत तो स्थायी किंवा संचारी असतो. बाजारात तो चढतो, उतरतो, पडतो. भरताचा रसविचार शिकवताना मागच्या बाकांवर हसू उमटते ते यामुळेच. मला या दोन घरांमधली भिंत कधीच फार जाड वाटली नाही. भाव करणे म्हणजे तरी काय? समोरच्याच्या मनात काय आहे, तो कुठवर ताणील, कुठे दुखावेल, हे ओळखत जाणे. भावाचा अंदाज चुकला की भावही चुकतो.

वसईच्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. माझ्या सासूबाई मासळीबाजारात गेल्या की कोळीण वाट्याचा भाव सांगते. सासूबाई तो ऐकून न ऐकल्यासारखे करतात आणि पुढच्या पाटीकडे वळतात. मागून हाक येते, त्या थांबतात, पण लगेच फिरत नाहीत. मग दोघींमध्ये पावसाची, नातवंडांची आणि डिझेलच्या दराची चौकशी होते. अखेर रक्कम ठरते आणि पिशवीत वर चार बोंबील पडतात. या व्यवहारात दोघींपैकी कुणालाही अपमान वाटत नाही. उलट, एक शब्द न बोलता पैसे टाकून निघून जाणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल कोळणीचे मत फारसे बरे नसते. वरचे चार बोंबील ही सूट नव्हे. संबंध पुढे चालू राहणार असल्याची ती पावती आहे.

सगळेच सौदे असे उघड्यावर होत नाहीत, हेही खरे. घाऊक बाजारात 'हत्ता' नावाची जुनी पद्धत आहे. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालतात आणि बोटे दाबून भाव ठरवतात. तो त्या दोघांनाच कळतो. ज्याचा माल असतो तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाकडे पाहत राहतो. बाजार समित्यांच्या राज्यात ही पद्धत बेकायदा ठरली, तरी तिची तक्रार अधूनमधून ऐकू येतेच.

२०२५ च्या डिसेंबरात आम्ही मोटार घ्यायला निघालो, तेव्हा मला हा रुमाल पुन्हा आठवला. मोटार ही आमच्या घरात हौसेची बाब नव्हती. सासऱ्यांचे डायलिसिस सुरू झाले होते, आठवड्यातून तीन फेऱ्या होत होत्या, आणि परतीच्या वेळी रिक्षातले धक्के त्यांना सोसवत नव्हते. पैसे भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले होते, म्हणजे मोजूनमापून होते. सासूबाई आपण होऊन बरोबर आल्या. "इतक्या पैशांचा बाजार, आणि तू एकटी जाणार?"

महामार्गालगतच्या त्या शोरूममध्ये वातानुकूलन होते, कॉफी होती, आणि समोर आलेला विक्री प्रतिनिधी माझा जुना विद्यार्थी निघाला. बी.ए.ला त्याचा विषय मराठीच होता. त्याने वाकून नमस्कार केला, मला मॅडम म्हटले, सासूबाईंना आजी म्हटले आणि सांगितले, "किंमत फिक्स आहे मॅडम. कंपनीचीच असते. शिवाय जीएसटी उतरलाय, त्यात मोठी सूट आलीच."

ती सूट त्याची नव्हती, सरकारची होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. मात्र 'फिक्स' या शब्दाला एक इतिहास आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर विक्रेत्यांनी सूट देऊ नये, असा बंदोबस्त कंपनीने केल्याचा ठपका होता. प्रकरणाची सुरुवात एका निनावी ईमेलने झाली आणि त्यातला मुलूख मुंबई वगळता महाराष्ट्र व गोवा हा होता. कंपनीने या आदेशाविरुद्ध अपील केले. आमची गाडी त्या कंपनीची नव्हती. पण आदेशातला एक तपशील मला विसरता येत नाही. कोण जास्त सूट देतो हे पकडण्यासाठी शोरूममध्ये बनावट गिऱ्हाइके पाठवली जात. घासाघीस करणारा माणूसच हेर असू शकतो, हे कळल्यावर विक्रेत्याने कुणाचा भाव ओळखायचा?

मग कागद आला. त्याला कोटेशन म्हणतात, आणि आमच्या धंद्यात कोटेशन म्हणजे अवतरण, तेव्हा तो संदर्भासह वाचणे भागच होते. शीर्षक होते 'ऑन रोड'. मराठीत माणूस रस्त्यावर येतो तेव्हा काय होते, ते सांगायला नको. पहिल्या ओळीतली शोरूम किंमत खरोखर हलत नव्हती. रस्ते कराची ओळही हलणारी नव्हती. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के आहे. पण त्याखाली हँडलिंग ९,५०० रुपये, ॲक्सेसरीजचा संच १८,०००, वाढीव वॉरंटी १४,००० आणि विमा ४६,८००. कागदाचे व्याकरण पाहण्यासारखे होते. सगळे कर्मणी: 'आकारले जाईल', 'समाविष्ट करण्यात येईल'. आकारणारा कर्ता कुठेच नव्हता. हँडलिंग म्हणजे काय, असे विचारले तेव्हा उत्तर आले, "ते सगळ्यांनाच लागतं." त्या रकमेला कोणत्याही कराचा आधार नसतो. ती ओळ मी पेन्सिलीने खोडली. ॲक्सेसरीजमधले पायपुसण्याएवढे गालिचे ठेवून बाकीचे काढले. शिक्षकांसाठीची सवलत कागदावर नव्हती. विचारल्यावर ती संगणकात सापडली. गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली हेही विचारले, कारण जानेवारी उजाडताच तीच गाडी एका वर्षाने जुनी ठरते, आणि डिसेंबरात घाई आमच्यापेक्षा त्यांना अधिक असते.

एव्हाना सासूबाई उठल्या होत्या. "चल, दुसरी पाटी बघू," त्या मोठ्याने म्हणाल्या. शोरूममधल्या तिघांनी वळून पाहिले, आणि व्यवस्थापकाच्या केबिनमधून आणखी आठ हजारांची 'वर्षअखेर योजना' आली.

राहिला विमा. तो कुठल्याही कंपनीकडून घेण्याची मुभा गिऱ्हाइकाला असते. नव्या मोटारीला तीन वर्षांचा त्रयस्थ विमा २०१८ पासून सक्तीचा आहे, त्यामुळे आकडा मोठा दिसतो आणि मोठ्या आकड्यात बरेच लपते. तेच संरक्षण मला बाहेर ३१,२०० रुपयांत मिळत होते. मी तो कागद पुढे ठेवला तेव्हा माझ्या विद्यार्थ्याचा आवाज पहिल्यांदा उतरला. व्यवस्थापक लांब असल्याची खात्री करून तो म्हणाला, "मॅडम, गाडीवर आम्हाला फार काही नसतं. शोरूमचं सगळं विमा आणि लोनवर चालतं. महिन्याचं टार्गेट नाही झालं तर इन्सेंटिव्ह जातो. माझं दोन पॉलिसींनी अडलंय."

हा डावही असू शकत होता. वर्गात त्याने लिहिलेले निबंध मला आठवत होते. सहानुभूती कुठे मागायची हे त्याला तेव्हाही चांगले कळत असे. पण तो विरारहून रोज उभ्याने प्रवास करून येतो, हे त्याने न सांगताच त्याच्या बुटांवरून दिसत होते. रुमालाखालच्या सौद्यात बाहेर उभा राहणारा माणूस इथे तोच होता. किंमत कंपनीने ठरवलेली, ओळी मालकाने घातलेल्या, आणि त्या माझ्या पेन्सिलीने खोडल्या की भुर्दंड याला. आणि तरीही ते पंधरा हजार म्हणजे सासऱ्यांच्या कित्येक फेऱ्या होत्या.

मी त्याला म्हटले, "तू आत जा आणि खरा आकडा घेऊन ये." तो गेला. वीस मिनिटांनी ३४,००० वर आला, आणि खाली येणार नाही असे शपथेवर म्हणाला. बाहेरच्यापेक्षा २,८०० जास्त. मी सही केली.

परतताना रिक्षात सासूबाई नायगावपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अठ्ठावीसशे जास्त का दिलेस?"

"वर टाकले, आई."

"वर विकणाऱ्याने टाकायचे असते," त्या म्हणाल्या. "आणि ते त्याला मिळतील, हे तुला कोणी सांगितलं?"

ते मला कुणी सांगितलेले नाही. गाडी ताब्यात घ्यायला गेलो त्या दिवशी तो रजेवर होता. किल्ली दुसऱ्याच मुलाने दिली.