दुखण्याच्या तारखा

‘ओटीपोट दुखतंय’ एवढं बोलून बाई गप्प झाली की मी कॅलेंडर पुढे ओढते. मजुरीचा खाडा कधी पडला, शाळा कधी बुडाली? तारखा पाळीशी जुळल्या तर पुढचे प्रश्न. त्या दिवसांत संडासला जाताना कळ येते का? लघवीला? संबंधांच्या वेळी दुखतं का? हा शेवटचा प्रश्न सोबतीला आलेली सासू बाहेर बसल्यावरच.

मुलीबरोबरची आई हमखास सांगते, “मलाही असंच व्हायचं, लग्न झालं की थांबतं.” ती धीर देत असते. मी तेच वाक्य केसपेपरवर उतरवून घेते, कारण आईला किंवा बहिणीला एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर रुजण्याचा आजार, असेल तर मुलीला तो होण्याची शक्यता बरीच वाढते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळीच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो आणि निदानाला ४ ते १२ वर्षं लागतात. पण वाट पाहणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. मूल होत नाही म्हणून आणलेल्या सुनेची तपासणी दुर्बिणीपर्यंत जाते. अविवाहित मुलीची सोनोग्राफी पोटावरूनच होते, नॉर्मल येते आणि घरचे म्हणतात, नाटकं करते. या आजारात अंडाशयात होणारी गाठ, ‘चॉकलेट सिस्ट’, सोनोग्राफीत दिसते. पोटाच्या आतल्या पडद्यावर रुजलेले बारीक ठिपके बहुधा दिसत नाहीत. हे मी आईला कागदावर चित्र काढून समजावते.

आधी दुर्बिणीतून खात्री, मगच औषध, असा आग्रह २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शिकेनेही सोडला आहे. रक्तदाब आणि अर्धशिशीची चौकशी करून, सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही सुरुवात करता येते. कुमारिकेला ‘त्या’ गोळ्या कशा द्यायच्या, हा घरच्यांचा प्रश्न मी उडवून लावत नाही. त्यासाठी वेगळा वेळ ठेवते.

बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या, त्याची चौकशी करायला २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. त्यांतल्या किती जणींचं दुखणं नेमकं कशाचं होतं, हे आधी कुणी नीट विचारलं असेल का, हा प्रश्न मला छळतो. एंडोमेट्रिओसिसचे ठिपके पिशवीबाहेर असतात. नुसती पिशवी काढून ते जात नाहीत.

म्हणून तालुक्याच्या स्त्रीरोगतज्ज्ञाला चिठ्ठी देताना मी ‘ओटीपोटात दुखते’ एवढ्यावर थांबत नाही. तारखा, बुडालेले दिवस, आईचा इतिहास, घेतलेली औषधं आणि त्यांनी किती उतार पडला, सगळं लिहिते. तिथे तिला बोलायला दोन मिनिटंच मिळतील.