आईची घागर

घासाघीस करण्याची कला मला कधीच साधली नाही. भाव ऐकला की मुकाट्याने पैसे द्यावेत किंवा मुकाट्याने परत फिरावे, एवढेच मला ठाऊक. त्यामुळे २०१४ साली दिवाळीपूर्वी पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत शिरलो, तेव्हा मन साशंकच होते. नवे बिऱ्हाड मांडले होते, पाण्यासाठी तांब्याची घागर हवी होती आणि खिशात जेमतेम दीड हजार रुपये होते. म्हणून आई गेल्यापासून माळ्यावर पडलेली तिची गळकी घागर पिशवीत घेतली होती. जुने भांडे मोडीत घालावे व त्याच्या वजनाचे पैसे नव्याच्या किमतीतून वळते करावेत, ही आपल्याकडील जुनीच रीत.

पेशवाईत कोकणातून आलेले तांबट या आळीत स्थिरावले. तोंडाशीच हातोड्यांचा नाद कानी पडतो. एका वृद्ध कारागिराने दोन घागरी पुढे ठेवल्या. एक यंत्रावर घडवलेली, आरशासारखी चकचकीत आणि स्वस्त. दुसरीच्या अंगावर मठारकामाचे दाट ठसे. मला ती नक्षी वाटली.

"नक्षी नव्हे ती," म्हातारबा म्हणाले. "तांबे जात्याच मऊ. भट्टीत तापवले की आणखी मऊ होते, म्हणून तर आकार घेते. मग थंड अंगावर ठोके बसत गेले, की घट्ट होते." त्यांनी चकचकीत घागरीची कूस अंगठ्याने दाबली. पातळ पत्रा किंचित आत गेला. दुसरी तसूभरही हलली नाही.

घ्यावी कोणती ते कळले, परवडेल कोणती तेही कळले. मी निमूटपणे आईची घागर पुढे केली.

तराजूत टाकण्यापूर्वी त्यांनी ती उजेडात धरली. काठावर कोरलेले आईचे नाव वाचले, कुशीवरून तळवा फिरवला. "अंग अजून ठणठणीत आहे. गेले आहे ते केवळ बूड. नवे बसवून देतो. मोडता कशाला?"

यात त्यांचीच विक्री बुडत होती, हे माझ्यासारख्या अव्यवहारी माणसालाही उमगले. भीत भीत मजुरी विचारली. सातशे रुपये! मात्र आईचे नाव तराजूत घालताना मला काहीच कसे वाटले नव्हते, या विचाराने मान खाली गेली.

आठ दिवसांनी घागर घरी आली. बूड लालभडक, अंग काळवंडलेले. रंगांचा मेळ काही बसला नव्हता. पत्नीने ती रात्री काठोकाठ भरून ठेवली. सकाळी उठताच आम्ही दोघांनी ती उचलून खालची फरशी चाचपली. फरशी कोरडी होती.