नगरच्या देवालयातील एक रविवार

आमचे पणजोबा आणि त्यांचे धाकटे बंधू एकाच महारवाड्यात वाढले. धाकटे बंधू मिशनच्या शाळेत शिकले आणि ख्रिस्ती झाले. पणजोबांच्या घरची माणसे १९५६ नंतर बौद्ध झाली. वाटा दोन झाल्या, पण भावकी तुटली नाही. नगरच्या अण्णांकडे लग्नकार्याला आमचे जाणे असतेच. (अहमदनगरचे २०२४ साली अहिल्यानगर झाले, तरी आमच्या तोंडी नगरच!) या खेपेस मुक्काम रविवारी पडला. अण्णा म्हणाले, "चला, आमची उपासना तरी बघा."

देवालय जुने, दगडी. घंटा झाली तेव्हा बाके भरलेली होती. बायाबापड्या डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. पेटी-तबल्यावर गाणे सुरू झाले आणि आम्ही चमकलोच. इंग्रजी काहीतरी ऐकायला मिळेल असे वाटले होते. हे तर थेट आपल्याकडचे भजन! अण्णांनी हळूच सांगितले, हे रेव्हरंड ना. वा. टिळकांचे पद. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे याच नगरात राहून अशी कितीतरी पदे मराठीत रचली.

मग प्रार्थना. सारे उठून उभे राहिले, डोळे मिटले. आमच्या धाकट्याने आईच्या कानाशी लागून विचारले, "आजी, बावीस प्रतिज्ञांत येशूचं नाव नाही ना?" आई म्हणाली, "नाव नाही. पण देवापुढं हात पसरायचा नाही, हे बाबासाहेबांनी शिकवलंय. उभं राहा, मान राख. पटत नाही ते बोलू नको." आम्ही उभे राहिलो, ओठ मिटून. पुढे प्रभुभोजनाचा पाव आणि द्राक्षरस फिरला, तो आम्ही नम्रपणे पुढे दिला. कोणी वाईट मानले नाही.

दुपारी जेवताना बोलणे निघाले. अमेरिकन मिशन १८३१ साली नगरला आले. जोतीराव फुल्यांनी इथेच फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात शाळा काढली. त्या शाळेचे ऋण आपणा सर्वांवर आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल केले.

अण्णांनी मात्र पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "शाळा मिळाली, जात गेली नाही. आजही सोयरीक जुळवताना आमच्यातच विचारतात, मूळचे कोण? आणि सरकार विचारतं तेव्हा म्हणतं, तुम्हाला जातच नाही!"

खरे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा हक्क हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना तो मिळाला. बौद्धांना केंद्राने तो १९९० साली दिला, तोही किती मोर्चे-निवेदनांनंतर! ख्रिस्ती झालेल्यांना अजून नाही. अण्णांचा नातू आणि आमची लेक एकाच वर्षी बारावी झाले. पणजोबा सख्खे भाऊ, वाडा एक, विटाळ एकच सोसलेला. दाखला मात्र एकीलाच. अण्णांच्या सूनबाई हसत म्हणाल्या, "तुम्ही बरी वाट धरली." त्या हसण्यात काय होते ते आम्हांला कळले. घास गिळवेना. आमच्या हक्कासाठी आम्ही लढलो. मग भावकीच्या हक्कासाठी एक शब्द बोलायला आम्हांला काय हरकत आहे?

परतीच्या एस.टी.त आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांचा देव आपल्याला नको. पण त्यांचं दार दर रविवारी उघडतं, आणि पोरं वेळेवर येतात. आपल्या विहाराची किल्ली कुणाकडं असते, तुला तरी ठाऊक आहे का?"

आम्हांला ठाऊक नव्हते. वस्तीतला विहार आम्ही १४ एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला उघडलेला पाहतो, एरवी कुलूप.

पुढच्या रविवारी सकाळी किल्ली शोधून आणली. झाडलोट केली, सतरंजी अंथरली. वंदनेला आम्ही घरचे पाच आणि शेजारची तीन मुले होतो. आठच. पण दार उघडले. अण्णांना तसे पत्र टाकले आहे. नाताळाच्या फराळाला येतो, असेही लिहिले आहे.